क कलिंगडाचा

आष्ट्यात स्टँडच्या मागे माझं मोबाईल-कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. अकरा वर्षं झाली. माणूस काउंटरवर येऊन "भरतेश, फोन जरा..." एवढं म्हणाला की पुढचं मी सांगतो. "गरम होतोय. चार्जिंग टिकत नाही. पाण्यात पडला होता, पण ते तुम्ही सांगणार नाही." गिऱ्हाईक ओशाळं हसतं आणि फोन ठेवून जातं. दुसऱ्याचं वाक्य त्याच्या आधी पुरं करायची मला लहानपणापासून खोड. लोक तिला हुशारी म्हणायचे, मीही म्हणायचो. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. जे बिघडतं त्याला कारण असतं, आणि दहातल्या आठ वेळा ते कारण ओल असतं.

श्रावणात एका दुपारी भाग्यश्री दुकानात आली. ती जिनेंद्रची धाकटी बहीण, सांगलीला दिलेली. जिनेंद्र आमच्या शेजारचा, माझ्याच वर्गातला. कराडजवळ मलकापूरला एका ऑफिसात नोकरीला होता, दर शनिवारी गाडीवरून घरी यायचा. फेब्रुवारीत असाच येताना, इस्लामपूर सोडल्यावर, उसाच्या ट्रॉलीला चुकवायला गेला आणि गाडीसकट रस्त्याकडेच्या चारीत पडला. कडेला उभा ऊस, त्यामुळं रस्त्यावरून दिसला नाही. दोन तासांनी सापडला. डॉक्टर म्हणाले, तासभर आधी आणला असता तर.

"दादा, ह्यो त्याचा लॅपटॉप. खोलीवर हुता," भाग्यश्री म्हणाली. "सुरू हुईना. आईला त्याचं फोटू पायजेत."

"परवा देतो," मी म्हणालो. तिच्याकडे बघून बोलणं मला जमत नव्हतं. का, ते सांगतो, पण क्रमानं सांगतो.

लॅपटॉपची बॅटरी फुगली होती. बदलली, सुरू केला. फोटो चाळीसेक निघाले, तेही बहुतेक चंदनबाला काकूंचे, म्हणजे त्याच्या आईचे. बाकी सगळी जागा एका खेळानं खाल्ली होती. माणसं वसवायचा खेळ. आपण माणसं तयार करायची, त्यांना घर द्यायचं, जेवायला घालायचं, एकमेकांशी बोलायला लावायचं. माणसावर बोट ठेवलं की यादी येते: गप्पा मार, कौतुक कर, भांड, माफी माग, विनोद सांग. भाषा कुठलीच नाही, नुसतं बडबड-गडबड. काय बोलणं चाललंय ते डोक्यावरच्या फुग्यात चित्रांनी दिसतं.

जिनेंद्रनं त्यात आमची गल्ली वसवली होती. कोपऱ्यावरची बस्ती, म्हणजे आमचं जैन मंदिर, तिच्यासमोर लांब टेबल, माझं दुकान, मदनचं किराणा दुकान. मदन आमचा तिसरा मित्र. मी होतो, मदन होता, टेबलाच्या टोकाला जिनेंद्र होता. आणि तो विनोद सांगत होता. एकामागून एक, न अडखळता, शेवटपर्यंत. विनोद संपला की आम्ही सगळे कमरेत वाकून उजवा गुडघा दोनदा थोपटायचो आणि हसायचो. अकराशे तास तो हेच खेळला होता.

जिनेंद्र बोलताना अडखळायचा. क आला की मग तर गाडी रुतलीच म्हणून समजा. आणि त्याला नाद कसला, तर विनोद सांगायचा! वहीत लिहून ठेवायचा. तो सुरुवात करायचा, रंगात यायचा, शेवट जवळ आला की अडायचा, आणि शेवट मी सांगायचो. लोक मला हसून टाळी द्यायचे. तोही हसायचा. निदान मला तसं दिसायचं.

गेल्या वर्षीच्या क्षमावाणीचं सांगायला पाहिजे. दशलक्षण पर्व संपलं की आमच्यात एकमेकांपुढं हात जोडून "उत्तम क्षमा" म्हणतात. वर्षभरात कळत-नकळत दुखावलं असेल ते तिथं संपवायचं. बस्तीच्या अंगणात जिनेंद्र माझ्यापुढं आला, हात जोडले. "उत्तम क... क... क..."

"क कमळाचा!" मी म्हणालो.

अख्खं अंगण हसलं. त्यानं हात खाली घेतले आणि चपला घालून निघून गेला. तो मला माफ करायला आला होता, हे मला आता कळतं. तेव्हा मी टाळ्या घेत होतो.

असो. मी खेळ बंद करणार होतो, एवढ्यात पडद्यावरच्या जिनेंद्रनं नवा विनोद काढला. फुग्यात ट्रॅक्टर आला. मग फोन आला. मग कलिंगडाची फोड.

माझं पात्र वाकून गुडघा थोपटत हसलं.

ही चित्रं खेळात असतात, शेतीवाडीचा भाग असतो त्यात. मी स्वतःला तेच सांगितलं. पण त्या तीन गोष्टी एका ओळीत बसतात हे फक्त मला आणि मदनला ठाऊक होतं. आणि जिनेंद्रला.

फेब्रुवारीतल्या त्या शनिवारी सव्वासहाला मदननं दुकानात कलिंगड आणलं. आम्ही दिवस मावळल्यावर खात नाही, म्हणून घाई चालली होती. फोड हातात घेतली आणि जिनेंद्रचा फोन आला. मदननं ऐकावं म्हणून मी स्पीकर लावला.

"भ... भरतेश, क... क... क..."

"क कलिंगडाचा! फोडलंय, ये की!"

मदननं काउंटर बडवला. तिकडून पुन्हा, बारीक आवाजात, "क... क..."

"आरं, दिवस मावळायला आलाय गड्या. आमी खाऊन घेतो, तू ये चालत."

आणि फोन ठेवला. एकोणीस सेकंदांचा कॉल. कडेला पडलोय, एवढंच त्याला सांगायचं असणार.

दुसऱ्या दिवशी भाग्यश्रीनं त्याच्या फोनवर माझं नाव बघितलं. मला विचारलं. मी म्हणालो, रेंज नव्हती, आवाजच आला नाही. तिनं मान हलवली. मदननंही हलवली. त्या दिवसापासून घास गोड लागला नव्हता, हे कुणाला सांगायची सोय नव्हती.

तर, लॅपटॉप. मी यादी उघडून माझ्या पात्राला "माफी माग" सांगितलं. ते उठलं, जिनेंद्रसमोर उभं राहिलं, तोंड उघडलं. जिनेंद्रनं त्याच्याकडे वळून विनोद सांगायला सुरुवात केली. ट्रॅक्टर, फोन, कलिंगड. माझं पात्र हसलं. मी पुन्हा सांगितलं. पुन्हा तेच. चौदा वेळा करून बघितलं. मग मी चिडून खेळ कधी साठवलाय ती तारीख बघितली. आदल्या दिवशीची दुपार होती. लॅपटॉप तर सहा महिने बंद. लॅपटॉपच्या आतल्या घड्याळाचा सेल गेला असणार, म्हणून तो बदलला. तारीख तीच राहिली.

फोटो पेन ड्राइव्हवर काढून मी लॅपटॉप सांगलीला पाठवून दिला. ब्याद गेली म्हटलं.

त्याच आठवड्यात हे सुरू झालं. पहिल्यांदा घरात. "पल्लवी, आज जरा..." मी बायकोला म्हणालो. "उशीर हुईल, ठाऊक हाय," ती म्हणाली आणि हसली. ठीक आहे, बायको आहे, ओळखणारच. मग गिऱ्हाइकं. मग भाजीवाली बनुबाई, मग एस.टी.चा कंडक्टर. मी तोंड उघडायचो आणि समोरचा माझं वाक्य संपवायचा. सुरुवातीला गंमत वाटली. जशास तसं, म्हटलं. आठवड्यानं गंमत सरली. पंधरा दिवसांत मी एकाही वाक्याचं क्रियापद स्वतःच्या तोंडानं उच्चारलं नव्हतं. आपलं वाक्य रोज दुसऱ्यानं पुरं केलं की आपण आहोत की नाही असंच वाटायला लागतं. जिनेंद्रला तीस वर्षं असं वाटलं असेल.

आणि सगळे हसताना कमरेत वाकायचे. उजवा गुडघा दोनदा थोपटायचे. बनुबाई सत्तरीची आहे, तिला वाकता येत नाही. तीही वाकली.

मी मदनला गाठलं. "मदन, त्या दिवशी फोनवर आपण..."

"रेंज नव्हती," मदन म्हणाला.

"अरे, तू तिथं..."

"हुतो की. रेंज नव्हती." आणि वाकला.

तो खोटं बोलत नव्हता. मी त्याला पहिलीपासून ओळखतो. त्याला तेवढंच आठवत होतं.

मग मी ठरवलं, भाग्यश्रीला सांगून टाकायचं. ती शिव्या देईल, तोंडात मारेल, चालेल. फोन केला. "भाग्यश्री, त्या दिवशी जिनेंद्रचा फोन मला..." "लागला, पर रेंज नव्हती. आवं दादा, किती दिस मनाला लावून घेशीला?" तिनं उलट माझीच समजूत घातली. मी मेसेज लिहिला, सगळा, एकोणीस सेकंदांसकट. पाठवला. लगेच तिची हसरी तोंडं आली, एक रांगभर. मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा आल्याच नव्हत्या. त्या आजतागायत आलेल्या नाहीत.

त्यानंतर माझा क अडायला लागला.

राहिली एकच वाट. क्षमावाणीला समोर उभं राहून, हात जोडून. त्या दिवशी कुणी कुणाचं बोलणं तोडत नाही. तोडणारा आख्ख्या आष्ट्यात एकच निघाला होता.

यंदाच्या क्षमावाणीला दुपारी मी गाडी काढून सांगलीला गेलो. भाग्यश्रीचं घर भरलेलं होतं. सासू-सासरे, नवरा, शेजारपाजारचे येऊन हात जोडत होते. जिनेंद्र गेल्यापासून चंदनबाला काकू लेकीकडंच असतात, त्या कोपऱ्यात खुर्चीवर बसल्या होत्या. पुढं स्टुलावर लॅपटॉप, त्यात तो खेळ चालू.

"आईला लय आवडतो," भाग्यश्री म्हणाली. "त्यात जिनू बोलतोय म्हणती. तिला माऊस धराय येत न्हाई, ह्यो आपला आपुनच चालतोय."

मी तिच्यासमोर उभा राहिलो. हात जोडले. आधी क्षमा, मग सगळं, असं मनाशी घोकलं होतं.

"भाग्यश्री, उत्तम क..."

अडलं. मानेच्या शिरा ताणल्या.

"क... क..."

ती थांबली. खरंच थांबली. दीड महिन्यात पहिल्यांदा कुणी माझ्यासाठी थांबलं होतं. तिच्या चेहऱ्यावर इतकी माया होती की मला रडू आलं. आता होईल, असं वाटलं.

"क..."

"क कलिंगडाचा!" भाग्यश्री म्हणाली.

सगळं घर कमरेत वाकलं. उजवा गुडघा, दोनदा.

मग तिनं पदरानं डोळे पुसले. "आगं बया, असलं कसं आलं माझ्या तोंडात? क्षमा करा हं दादा." किती सहज म्हणाली.

काकू हसल्या नव्हत्या. त्या पडद्याकडे बघत होत्या.

"दिवस मावळायला आलाय," त्या म्हणाल्या. "तुमी खाऊन घ्या सगळी. ह्यो यील चालत."

त्यांचं बोट पडद्याच्या कडेला होतं. मी वाकून बघितलं. बस्तीसमोरच्या टेबलावर जिनेंद्र आणि गल्लीतली सगळी माणसं बसून खात होती. कुणाला घाई नव्हती. माझी खुर्ची रिकामी होती. माझं पात्र गल्लीबाहेर, रस्त्याच्या कडेला, उंच हिरव्या पट्ट्यात आडवं पडलं होतं. कानाला फोन. डोक्यावर फुगा होता, पण त्यात चित्र नव्हतं.

गाडी मी तिथंच ठेवली आणि एस.टी.नं परत आलो. अजून ती आणायला गेलेलो नाही.

हे मी हातानं लिहून ठेवतोय. कुणाला द्यायचं ते ठरत नाही.

परवा मदन दुकानात आला. ऊस यंदा चांगला आहे, पाऊस वेळेवर झाला, असं सांगत होता. रस्त्याला ट्रॉल्या कधीपासून लागतील, म्हणजे कारखाना कधी सुरू होतोय, एवढंच मला त्याला विचारायचं होतं.

"मदन, क... का..."

"दसरा झाला की लगीच," मदन म्हणाला, आणि उजवा गुडघा दोनदा थोपटला.