पाचवा माणूस

कचारगडच्या वाटेवरच्या एका गावात मी शाळामास्तर होतो. २००९ साली जंगलात पोलीस आणि नक्षलवाद्यांची लढाई पेटली, आणि घरोघरची माणसं मोजायचं काम चौकीने माझ्या गळ्यात मारलं. घरात कोण राहतं, कोण येतं, भात किती शिजतो. एक ताट जास्त दिसलं की त्या घरावर पाळत.

मंगलीने पाच माणसं सांगितली. ती, नवरा पतिराम, दोन मुली आणि सासरा दुधराम. मी पाच लिहून सही ठोकली.

दुधरामला जाऊन दोन वर्षं झाली होती. तिथले गोंड मेलेल्या माणसाला विधी करून परत घरात आणतात. तो चुलीजवळच्या कोपऱ्यात राहतो, पहिला घास त्याचा. मंगली खोटं बोलली नव्हती. मीच गाढव, काही विचारलं नाही.

चौकीला चारच सापडले. म्हणजे पाचवा जंगलात गेला! त्यांनी पतिरामला उचललं. म्हातारा मेलाय, हे मी चौकीत घसा फोडून सांगितलं.

हवालदार हसला. "गुरुजी, सही तुमचीच ना? आदमी लाओ, आदमी ले जाओ."

संताप संताप झाला. त्यांच्या घरी गेलो तर मंगली कोपऱ्यापुढे बसून म्हणत होती, "मामाजी, तुमच्या पोराले सोडवा ना."

तिसऱ्या दिवशी भरदुपारी पतिराम परतला. अंगावर वळ होते. "बाप अंगठा लावून गेला म्हणतेत," तो म्हणाला. "मले तं कोणी दिसला नाही."

आठवड्याभराने मी चौकी गाठली. रजिस्टरात दुधरामच्या नावापुढे निळा अंगठा होता.

"बुढ्ढा आता रोज येते," हवालदार म्हणाला. "सीधा माणूस. जे विचारलं ते सांगते."

खाली ओळीच ओळी. पतिराम रात्री बायकोशी काय बोलला. धाकटी झोपेत काय बरळली. मंगली चुलीशी का रडली. आणि परवा त्यांच्या घरात बसून मी चौकीला घातलेल्या शिव्या, शब्दन् शब्द.

जिवंतांना छळता ते छळता, मेलेल्यालाही कामाला लावलंत, हरामखोरांनो!

हे तोंडावर बोललो नाही. बोलायला हवं होतं.

मंगलीच्या घरी गेलो. "मंगली, त्या चौकीत..."

तिने हात वर करून मला थांबवलं.

"बाहेर चला, गुरुजी. मामाजी आयकून राहिले."

कोपऱ्यात पानाचा दोना होता. पहिला घास संपला होता.

काठावर निळ्या शाईचा अंगठा होता, अजून ओला.