वळशाची बस

"हा पर्याय कुणीच निवडत नाही हो," मी त्याला म्हणाले.

"मी निवडला की."

विद्यापीठाच्या थांब्यावर भुरभुर पाऊस होता. माझ्या हातात फळीला अडकवलेली प्रश्नावली, खांद्यावरून सारखी निसटणारी छत्री आणि समोर हा उंच, ओढलेल्या चेहऱ्याचा माणूस. मी वाहतूक अर्थशास्त्रात पीएच.डी. करत होते. प्रवासातल्या वेळेची लोकांना काय किंमत वाटते, हा माझा विषय. लोकांना दोन-दोन बसचे पर्याय द्यायचे आणि ते कुठला निवडतात ते टिपायचं. त्यातच आम्ही एक फसवा प्रश्न पेरतो. अ म्हणजे लवकर पोचणारी, स्वस्त बस. ब म्हणजे उशिरा पोचणारी, महाग बस. ब वर खूण करणाऱ्याने प्रश्न वाचलेलाच नाही असं धरायचं आणि त्याची सगळी उत्तरं बाद करायची.

"नीट वाचलंत ना?"

"दोनदा. मला ब च हवी."

"पण का?"

"हे तुमच्या प्रश्नावलीत आहे?"

"नाही..."

"मग राहू द्या," तो म्हणाला आणि हसला. ते हसू इतकं थकलेलं होतं की मला माझ्या आगाऊपणाची लाज वाटली.

तेवढ्यात वळशाची बस आली. आमच्या थांब्यावरून नदीपलीकडच्या रुग्णालयाकडे दोन बस जायच्या. एक सरळ पुलावरून. दुसरी जुन्या वसाहतीतून, बंद पडलेल्या कारखान्यांवरून, गावभर हिंडून. ही दुसरी चालू ठेवायची की बंद करायची, असं वाहतूक मंडळाने आमच्या विभागाला विचारलं होतं आणि उत्तर काढायचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं. तेव्हा त्या बसमध्ये बसणं हे माझं कामच होतं... निदान त्याच्यामागून चढताना मी स्वतःला तसं बजावलं.

तो शेजारच्याच इमारतीत लॉजिस्टिक्स शिकवायचा. गोदामं, साठा, मालाची ने-आण. मुलं त्याला गोदामसर म्हणायची.

"म्हणजे माल वेळेवर कसा पोचवायचा, ते तुम्ही शिकवता," मी म्हणाले.

"हो."

"आणि स्वतः या बसने जाता."

"मी थोडाच माल आहे, फळीवाल्या मॅडम?"

मग रोजचंच झालं. माझी त्या बसमधली मोजणी कधीच संपली होती, तरी मी फळी घेऊन चढायचे. तो खिडकीपाशी सरकून जागा करायचा. माझ्या आलेखांना नावं ठेवायचा, मी त्याच्या गोदामांना. पावसाचा जोर वाढला तशा काचा धुरकट व्हायला लागल्या. एकदा मी ओढणीच्या टोकाने त्याच्यासाठी काच पुसायला गेले, तर त्याने माझं मनगट हलकेच धरलं.

"राहू दे. नाही दिसलं तर बरं."

"काय?"

"रुग्णालय." त्याने हात सोडला नव्हता. "आई आहे तिथे. सगळ्यात वरच्या मजल्यावर. तिथे बरं करायला नाही ठेवत... दुखू नये एवढंच बघतात."

बस एकेका थांब्यावर रेंगाळत होती आणि पहिल्यांदाच मला वाटलं, ती आणखी रेंगाळू दे. तो मला आवडायला लागला होता. अगदी वाईट वेळी, चुकीच्या बसमध्ये, पण मनापासून.

सर्वेक्षणाचा शेवटचा भाग रुग्णालयातच होता. भेटायला येणाऱ्यांना मी एका दुपारी वॉर्डावॉर्डात जाऊन प्रश्न विचारत होते. वरच्या मजल्यावर एका खाटेवरून आवाज आला.

"फळीवाली तूच का गं?"

मूठभर उरलेली बाई, पण डोळे अगदी त्याचेच.

"तुम्हाला कसं कळलं?"

"सिस्टरला तुझंच सांगत बसतो. त्याला वाटतं मी झोपलेय." त्या थांबून थांबून बोलत होत्या. "संध्याकाळची गोळी घेतली की मला गुंगी येते. त्याआधी येत जा म्हटलं, तर म्हणतो, बस हळू आहे. म्हणजे तो उशीर तू आहेस तर."

मी मान खाली घातली. त्यांनी माझी बोटं दाबली. त्या दाबण्यात जोर असा नव्हताच.

"तुझ्यावर राग नाही गं. बघवत नाही त्याला, मला कळतं. पण मला त्याला बघायचं असतं."

त्याच आठवड्यात आकडे हाती आले. वळशाची बस रिकामी हिंडत होती आणि सरळ बसमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. रुग्णालयाच्या नर्स पावसात एकामागून एक गच्च भरलेल्या बस सोडून देत होत्या. वळशाच्या गाड्या सरळ मार्गाला दिल्या तर प्रश्नच मिटत होता. आमच्या गाइड मॅडमनी तक्ता बघितला आणि म्हणाल्या, "स्वच्छ आहे. लिहून टाक."

लिहिण्याआधी मी त्याला सांगितलं. बसमध्येच.

तो खिडकीकडे वळला. "थोडी पुढे ढकल ना. मंडळाला म्हण, अजून सर्वेक्षण लागेल. एवढंच. माझ्यासाठी."

त्याने माझ्याकडे तेवढं एकच मागितलं होतं. आणि ते मला सहज जमण्यासारखं होतं, हेच वाईट होतं.

"नाही ढकलणार," मी म्हणाले. "त्या नर्स रोज भिजतात. आणि... तुझी आई रोज गोळी हातात घेऊन तुझी वाट बघते."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "तू तिला भेटलीस?"

"हो."

"आणि मला आज सांगतेस."

तो पुढच्याच थांब्यावर उतरला. बंद कारखान्याच्या भिंतीपाशी, आडोसाही नसलेल्या जागी. बस सुटली तरी त्याने वर बघितलं नाही.

अहवाल गेला, मंजूर झाला. वळशाची बस बंद झाली आणि थांब्यावरच्या खांबावरून तिची पाटीही निघाली. विभागात माझं कौतुक झालं. मी वर्गात मुलांना वेळेची किंमत शिकवत होते आणि माझी नजर सारखी खिडकीतून थांब्याकडे जात होती. सरळ बसच्या रांगेत तो मला लांबून दिसायचा, पण तो नजर वळवायचा. मग दिसेनासा झाला. वरच्या मजल्यावरच्या सिस्टरला फोन केला तेव्हा कळलं, त्याची आई गेली.

तो आला तेव्हाही पाऊस होता. पाटी काढलेल्या खांबापाशी मी उभी होते. तो शेजारी येऊन थांबला. दाढी वाढलेली, छत्री नाही. मी माझी छत्री त्याच्यावर धरली.

"खूप राग आला होता तुझा," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"वळशाची बंद झाली म्हणून सरळ बसमध्ये बसलो, तर लगेच पोचलो. आई जागी होती. काय करावं कळेना. तिनेच म्हटलं, बस की, उभा काय राहिलास." तो थांबला. "मग रोज जागी सापडायची. काही मोठं बोललो नाही गं. उशी नीट लावता येत नाही म्हणून रागवायची. लहानपणी मी कसा हट्ट करायचो ते सांगायची. एकदा... तुझ्याशी भांडलोय म्हणून मलाच बोलली."

मला रडू आवरेना. त्याने बाहीने माझा गाल पुसला. बाही माझ्या गालाहून ओली होती.

"तू ती बस चालू ठेवली असतीस, तर मी तिला झोपलेलीच बघत राहिलो असतो," तो म्हणाला. "मला तू हवी आहेस. हे नीट सांगायला हवं होतं, पण मला आज एवढंच येतंय."

"मला पुरतं तेवढं," मी म्हणाले.

मग तो हळूच म्हणाला, "तिचं सामान तिथेच आहे. चष्मा, शाल. ते आणायचंय. एकट्याने पाय उचलत नाही... येशील?"

"येईन. कसं जायचं सांग. अ, सरळ बस. ब, मी बरोबर आहे, चालत जाऊ, हवा तेवढा उशीर कर."

पुलाच्या बाजूने सरळ बस येताना दिसत होती. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि माझा हात घट्ट धरला.

"अ," तो म्हणाला. "येताना चालत येऊ."