दोन ओळींमधली जागा

"वहिनी, बघा तरी! तणाचं एक पान शिल्लक ठेवलं नाही मी!"

आजारी आईला भेटून थोरली सून माहेराहून परतली, ती घरी न जाता आधी रानातच आली होती. धाकटा दीर बांधावर उभा होता, डोक्यावर नवी टोपी, चेहऱ्यावर शाबासकीची आस... मका ताठ उभा होता. पण दोन ओळींमधली तिची चवळी, भोपळ्याचे वेल, कोवळी पालेभाजी, सगळं पिळवटून, पिवळं पडून मातीला टेकलं होतं!

"भावजी... हे काय केलंत?"

"तणनाशक मारलं. प्रशिक्षणात सांगितलं ना, मक्यात मक्याशिवाय जे उगवतं ते तण!"

प्रशिक्षण! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बायकांना शेती शिकवणाऱ्या बाई दारात येऊन म्हणाल्या होत्या, "या घरात रान कोण कसतं? त्यांनाच पाठवा." त्यावर सासूबाई तिच्या तोंडावर म्हणाल्या, "घरात पुरुष असताना बाईमाणूस कशाला?" नवरा गेल्यापासून हे रान तिने एकटीने कसलं होतं, तरी ती गप्प बसली. अंगाखांद्यावर वाढवलेल्या दिराचा चारचौघांत मान राहावा, एवढ्याचसाठी! आणि हा पठ्ठ्या गेला, भरपेट जेवला, तिथली टोपी घेऊन आला, आणि अर्धंच ऐकून आला.

"अहो, ते तण नव्हतं! आपलं जेवण होतं ते!"

दिराचा चेहरा उतरला. पण हार मानेल तर तो दीर कसला? "मग तसं सांगायचं की! कधी बोललात?"

"रोज ताटात वाढत होते की, भावजी!"

मक्यावर घर चालतं, असं घरात सगळेच म्हणत. पण मका हाती येईपर्यंत चूल कशावर चालते, हे कुणाच्या गावीही नव्हतं. ते आता कळू लागलं. रोज गेल्या वर्षीच्या मक्याची कोरडी भाकरी आणि मीठ. सासूबाई कुरकुरल्या, "भाजीला हात का आखडतेस गं?" दिराने तर एकदा ताटच सरकवलं. थोरलीने ते उचललं, विसळलं... किती गिळायचं माणसाने!

मग एका सकाळी तिने माळ्यावरचा डबा काढला. राखेत जपलेली चवळी चाळली, धुतली, पातेल्यात घातली आणि चुलीवर ठेवली. लाकडं पेटवणार, तोच सासूबाई आत आल्या. त्यांची नजर आधी राखेवर गेली, मग पातेल्यात.

"अगं... हे तर बियाणं!"

"हो, बियाणंच! ताटात भाजी हवी ना सगळ्यांना? आज हे शिजवते. पुढच्या वर्षी भावजींची टोपी शिजवू!"

एवढं बोलली आणि मटकन खाली बसली. इतकी वर्षं कोंडलेला हुंदका फुटला... "आई, मला मान नको होता हो! पण मी काय करते, ते एकदा तरी बघायचं होतं कुणीतरी!"

सासूबाई थिजल्या. ही चवळी त्यांच्या सासूने त्यांच्या ओंजळीत घातली होती, आणि त्यांनी या पोरीच्या. त्यानंतर ती कुठे जाते, कशी उगवते, हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं! त्यांनी पातेलं उचललं.

"पाणी गारच आहे अजून. चल, पेरू."

"कुठे पेरू? रानात औषध मुरलंय."

"अंगणात."

अंगणात सासूबाईंचा फुलांचा वाफा होता, कोंबडीलासुद्धा तिथे मज्जाव! त्या वाफ्यात बसून त्या स्वतःच्या हाताने रोपं उपटू लागल्या. आवाज ऐकून दीर धावत आला. "आई, तुझी फुलं!"

"फुलं काय खायचीत? कुदळ आण."

त्याने कुदळ आणली. माती मऊ केली. मग वर न बघताच विचारलं, "वहिनी... किती खोल लावायचं?"

थोरलीचा राग गेला नव्हता. एवढ्यात जाणारही नव्हता. पण ती खाली वाकली आणि दोन पेरं बोट मातीत रोवून दाखवलं.

"पुढच्या प्रशिक्षणाला तुम्हीच जा," तो पुटपुटला. "त्या दिवशी घरचं, गुरांचं मी बघतो."

ती दाणे टाकत राहिली. ऊन चढलं तशा सासूबाई उठल्या, लेकाच्या डोक्यावरची टोपी काढली आणि थोरलीच्या डोक्यावर ठेवली.

"ऊन लागतंय तुला," एवढंच म्हणाल्या.