चार बोटं खाली

लिफ्टचं दार उघडलं, मी पाऊल टाकलं आणि थेट तोंडघशीच पडणार होते. सहाव्या मजल्याची फरशी लिफ्टपेक्षा चार बोटं वर होती. हत्यारांची पिशवी खणखणत पुढे गेली, मी तिच्या मागे... आणि मध्ये कुणाचा तरी हात आला.

"सावकाश! रोज चार वाजता ही अशीच खाली थांबते. बाकी दिवसभर शहाण्यासारखी वागते."

त्यानं हात सोडला नव्हता. निळा डगला, मनगटापर्यंत वंगण, आणि मी अडखळावं म्हणूनच जणू तो तिथं उभा होता, असं हसू.

"लिफ्ट दुरुस्त करता, की नुसते बायकांना हात देत उभे राहता?"

"काल एका आजोबांना दिला. परवा एका कपाटाला. तुम्ही पहिल्याच अशा, की..."

वाक्य तसंच लोंबकळत राहिलं. त्याचं त्यालाच नवल वाटलं असावं. मान हलवून तो माझी हत्यारं गोळा करू लागला, आणि गोळा करता करता शीळ घालू लागला. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

ती बाबांची धून होती.

मी पियानोचे सूर लावते. बाबाही हेच करायचे. सूर लावून झाले, की वाद्य नीट बोलतंय ना हे बघायला कारागीर एक छोटीशी धून वाजवतो. बाबांनी आपली धून स्वतः बांधली होती. ती कागदावर कधी उतरली नाही, घरात आम्ही दोघं सोडून कुणाला येत नव्हती. आणि त्यांची एक खोड होती. एखादी तार मनासारखी लागली नसेल, तर धुनेचा शेवटचा सूर वाजवायचा नाही. "काम बाकी असताना पुरं झाल्याचा आव आणू नये, पोरी," म्हणायचे. दुसऱ्या दिवशी यायचं, ती तार लावायची, मगच तो सूर.

लिफ्टवाल्याची शीळही नेमकी तिथंच थांबली. एक सूर आधी.

"ही... ही कुठं ऐकलीत?"

"इथंच. कोण नाही गुणगुणत? अकरा दिवस झाले मला येऊन, आता झोपेतसुद्धा म्हणतो म्हणे. आई विचारत होती, कोण आहे रे ती, जिच्यामुळे..."

"वाक्यं पुरी करायची सवय नाही वाटतं?"

"होती हो! या इमारतीत शिरेपर्यंत होती." त्यानं आवाज खाली आणला. "इथं सगळ्यांचंच असं आहे. दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा वर्षभर एकाच पुस्तकाचं शेवटचं पान उघडून बसलेत. तिसऱ्यावरच्या मुलीला चांगलं स्थळ आलंय, पण बाप 'हो' म्हणायला तोंड उघडतो आणि खोकत बसतो. खालच्या शिंपीकाकांच्या एकाही सदऱ्याला शेवटचं बटण लागत नाही. सगळे ती धून म्हणतात, आणि सगळे अडकलेत."

वर्षभर. बाबांना जाऊनही वर्षच झालं होतं.

ते शेवटचे इथंच आले होते, दुपारी चार वाजता, सहाव्या मजल्यावरच्या गाणं शिकवणाऱ्या बाईंकडे. परतताना रस्त्यातच कोसळले. पिशवीतल्या वहीत शेवटची ओळ होती : 'सहावा मजला. एक तार उरली. उद्या.' मी त्यांची सगळी गिऱ्हाइकं सांभाळली, हे एवढं टाळलं. बाईंच्या सात निरोपांना सात थापा मारल्या. आठव्यांदा बाईंनी आईलाच गाठलं, आणि आईपुढे माझी डाळ कधी शिजली आहे?

बाई ऐंशीच्या, काठीसारख्या ताठ. "तुझे बाबा गेल्यापासून मी झाकणही उघडलेलं नाही," त्या म्हणाल्या.

वर्षभर बंद राहिलेला पियानो रुसतो. तारा सैलावतात, सूर उतरतात. हा मात्र आज सकाळी लावल्यासारखा बोलत होता. फक्त एक तार उतरलेली होती. ती गप्प राहावी म्हणून बाबांनी खोचलेली लोकरीची पट्टी अजून तिथंच होती. मी बोट लावलं.

पट्टी कोमट होती.

"बाई, नक्की कुणी हात नाही ना लावला?"

"मी तर नाही लावला," बाई रिकाम्या स्टुलाकडे बघत म्हणाल्या, घरात कुणी वडीलधारं बसलं असावं तशा दबक्या आवाजात. "चार वाजता मी या खोलीत येत नाही."

मी पिशवी उचलली आणि जिन्यानं पळत सुटले.

चौथ्या मजल्याच्या पायरीवर लिफ्टवाला डबा उघडून बसला होता. शेवटचा घास तसाच. मला बघून त्यानं सरकून जागा केली. का कोण जाणे, मी बसले आणि वर्षभर आईलाही न सांगितलेलं त्या परक्या माणसाला सांगून टाकलं.

"तो सूर वाजला, की त्यांचं काम संपलं. जोवर ते बाकी आहे, तोवर ते कुठंतरी कामावरच आहेत... येतील संध्याकाळी. वेड्यासारखं वाटत असेल तुम्हाला."

तो हसला नाही. "अकरा दिवस मी ही लिफ्ट खिळा न् खिळा तपासलीय. तिला काही झालेलं नाही. कंपनी म्हणते, उद्यापर्यंत झाली नाही तर दुसऱ्याला पाठवू." मग वंगणाच्या हातांकडे बघत म्हणाला, "तरीही, नका वाजवू. तुम्हाला बाबा हवेत ना, मग राहू दे चार बोटं खाली. मी नोकरी सोडून इथं उभा राहीन. रोज चारला तुम्हाला हात देईन. मला काय, मी तर आयुष्यभर..."

तो अडकला. ओठ हलत होते, कपाळाची शीर तटतटली, पण शब्द येईना. तेवढ्यात खालून कुणीतरी गुणगुणायला लागलं, मग दुसऱ्या दारामागून, मग तिसऱ्या. त्याच्याही ओठांवर ती धून आली. डोळे मला काहीतरी सांगत होते आणि ओठ भलतंच गात होते.

मला भीती वाटली. आणि त्याहून जास्त, खरं सांगते, पुढचं ऐकायचं होतं. आयुष्यभर... काय?

दुसऱ्या दिवशी पावणेचारला मी स्टुलावर होते. लोकरीची पट्टी काढली. खुंटीला चावी लावली, तार केसभर चढवली, पुन्हा केसभर. लागली. इतकं सोपं होतं ते काम! बाबांना पाच मिनिटं पुरली असती.

चार वाजले. मी धून सुरू केली.

सगळी इमारत माझ्यासोबत गाऊ लागली. शिलाई मशीन त्याच लयीत चालू लागलं, जिन्यावर पावलं त्याच लयीत वाजू लागली, लिफ्टच्या विहिरीतून शीळ वर आली. मग शेवटाच्या अलीकडे सगळं थांबलं. माझ्या मानेमागे कुणीतरी श्वास रोखून उभं होतं. बाबांच्या तपकिरीचा तो वास मी ओळखला. मागे वळायची छाती झाली नाही.

"बाबा," मी म्हणाले, "तार लागली. ऐका."

बोट शेवटच्या सुराच्या पट्टीवर अधांतरी धरलं, आणि तिथंच राहिलं. खाली जाईना. शप्पथ सांगते, मी पट्टीला शिवलेही नाही. ती आपली आपण खाली गेली, आणि सूर वाजला.

तो विरेपर्यंत कुणी हललं नाही. मग खाली कुणीतरी पुस्तक मिटलं. कुठलासा बाप मोठ्यांदा म्हणाला, "हो! माझी हरकत नाही!" आणि मागोमाग एका मुलीची आनंदाची किंकाळी. माझ्या मानेमागे आता नुसती हवा होती.

मी धून पुन्हा आठवून बघितली. आठवेना. एकही सूर नाही. हमसून हमसून रडले मी, आता आत आलेल्या बाईंसमोर, लाज न बाळगता. बाईंनी चष्मा पुसला आणि दार उघडायला गेल्या.

लिफ्ट वर येत होती. सहाव्या मजल्याच्या बरोबर पातळीत थांबली. आता हाताची काही गरज नव्हती, तरी त्यानं हात पुढे केला, आणि तरी मी धरला.

"...आयुष्यभर हेच करायला तयार आहे," तो एका दमात म्हणाला. "तुम्ही पहिल्याच अशा, की ज्यांचा हात सोडवत नाही. आईनं विचारलं होतं, कोण आहे रे ती, जिच्यामुळे झोपेत गातोस? तेव्हा ती नव्हती. आता आहे. झालं! संपली सगळी वाक्यं."

"शीळ घाला ना... ती."

त्यानं ओठ जुळवले. नुसती हवा निघाली. "गेली," तो हळूच म्हणाला, आणि डगल्याच्या बाहीनं माझे डोळे पुसले. गालावर वंगणाचा पट्टा उमटला तो उमटलाच.

मी वही काढली. बाबांच्या 'उद्या'खाली लिहिलं : 'झालं.'

"उद्या येशील?" त्यानं विचारलं. 'तुम्ही' कधी गळून पडलं, कळलंच नाही.

"कशाला? माझं काम संपलं. तुझी लिफ्टही बरी झाली."

"मग बिनकामाची ये."

मी हो म्हणाले. पहिल्याच फटक्यात, पुरतं.