एकाच किल्लीचं कुलूप

शनिवारी रात्री नऊ वाजून वीस मिनिटांनी हे सगळं सुरू झालं. मामा वेळ अशी ठासून सांगतात, कारण तेव्हा ते स्वतःच्या दुकानाचं शटर ओढत होते आणि शेजारच्या गाळ्यातला किल्लीवाला पिशवी खांद्याला अडकवून निघाला होता. भाचरं गच्चीवर गोळा झाली, की मामांचा आवाज आपोआप खाली येतो.

पलीकडच्या गल्लीत एक म्हातारी घरात अडकली होती. सुनेने दार ओढलं, किल्ली आतच राहिली. किल्लीवाल्याने तार वाकवली, कान लावला, दार उघडलं. म्हातारी घामाने निथळत बाहेर आली.

"शंभर वर्षं जग रे बाबा! जीव गुदमरला होता नुसता."

"अर्ध्या तासात एवढं, आजी?" तो हसला.

बाजारात त्याची चेष्टा व्हायची. "गावाची दारं उघडतो, घरचं तेवढं बंद!" चेष्टा खोटी नव्हती. घराला त्याने स्वतः घडवलेलं कुलूप होतं. नुसतं दाबून लागत नसे, किल्ली फिरवावीच लागे. किल्ली एकच, ती त्याच्या गळ्यात. आत बायको आणि सहा महिन्यांची पोर.

त्या दिवशी घरून निघताना बायको म्हणाली होती, "अहो, पोरीची छाती घरघरतेय. आज तरी कुलूप नको. काही झालं तर मी कुठून धावू?"

"तुला बाहेर पडायला कारणच हवं असतं."

संशय त्याच्या हाडीमाशी मुरलेला. दूधवाल्याने "वहिनी" म्हटलं, दूध बंद. खिडकीला पत्रा ठोकला. ती आरशासमोर जरा रेंगाळली, तरी हा दरडावायचा, कुणासाठी?

आणि ही दुसरी बायको. पहिली तापात गेली, याच घरात, स्वतःच कपाळावर पाण्याच्या पट्ट्या ठेवत. तिच्या हाका शेजाऱ्यांना ऐकू गेल्या होत्या. पण त्याचं कुलूप तुटता तुटत नाही, ही तर त्याची जाहिरातच होती.

"मग शेजारी काय करत होते, मामा?" मोठ्या भाचीने विचारलं.

"घाव घालत होते. कुलूप तुटलं… उशिरा तुटलं."

तर त्या शनिवारी तो घरी परत आला. दाराशी थबकला. आत बोलणं चाललं होतं. बायको हसली. त्याच्यासमोर ती असं कधी हसली नव्हती. त्याने कुलूप चाचपलं. कुलूप तर जसंच्या तसं. मग आत आला कुठून मेला? त्याने श्वास रोखून कान लावला.

"तुमच्या मांडीवर बरी शांत होते हो," बायको म्हणत होती. "पण श्वास बघा ना तिचा. दवाखान्यात न्यायला हवं… कसं नेऊ?"

उत्तर ऐकू आलं नाही.

त्याने कुलूप काढून कडीत अडकवलं, किल्ली गळ्यात टाकली, दार ढकललं. खाट वाकून पाहिली. कपाट उघडलं. मोरी पाहिली. कुणी नाही. पोर जमिनीवर. ओठ निळसर.

"कोण होतं?"

"ताई."

"कुठली ताई?"

बायकोने पोर उचलली. नजर त्याच्या खांद्यावरून पलीकडे.

"तुमच्या मागे आहेत."

तो वळला नाही.

बायको त्याच्या अंगावरून दाराकडे निघाली. त्याने तिला धरायला हात उचलला… हात उठेना. मनगट कुणीतरी धरलं होतं. गार. पाण्यात राहिलेल्या हाताची पकड.

बायको बाहेर पडली. पावलं धावत गेली. मनगट सुटलं.

दार लागलं.

मग कडी.

मग… किल्ली फिरल्याचा आवाज.

त्याने गळ्याशी चाचपलं. किल्ली तिथेच होती.

"पुढे?" धाकट्याने पांघरूण ओढून घेतलं.

मामांनी त्याचं पांघरूण नीट केलं.

पोर वाचली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थोडा उशीर झाला असता तर हाती काही लागलं नसतं. मायलेकी रात्रभर दवाखान्यातच होत्या. बायको तिथूनच माहेरी गेली, ती गेलीच.

मामा सकाळी दुकान उघडायला निघाले तर वाटेत एका घरापुढे माणसं जमलेली. किल्लीवाल्याच्या घरातून घोगरा आवाज येत होता. कुलूप बंद. मशीन लावून कापावं लागलं. तो दाराला चिकटून उभा होता. रात्रभर थापा मारून तळवे सोललेले.

"बाहेरून कुणीतरी दार धरून होतं," एवढंच तो तेव्हा बोलला. बाकीचं त्याने मामांना नंतर सांगितलं.

मामांनी दार ओढून बाहेरची बाजू पाहिली. फळीवर दोन हात उमटले होते. बाईचे, लहान. पसरलेली बोटं. ओले.

ऊन दारावर आलं. दुपार झाली. ते हात वाळले नाहीत.

"आता झोपा," मामा उठले. "पण बाईला आत कोंडून बाहेरून कुलूप लावणारा कुणी तुमच्या माहितीतला असेल, तर त्याला हे सांगा. उद्यावर टाकू नका."