पाच मिनिटांची टेकडी

ईस्टरच्या शनिवारी, टास्मानियाच्या उत्तरेस असलेल्या फ्लिंडर्स बेटावर, लेडी बॅरन गावच्या धक्क्यापाशी, भरती लागत असताना, फर्गस हॅलम याने एका अनोळखी तरुणीला बुडत्या होडीतून चहाच्या किटलीने पाणी उपसताना पाहिले. लाकडी होड्यांच्या मेळाव्यासाठी तो लॉन्सेस्टन शहरातून आला होता. आणि दुसऱ्याची चूक पाहून गप्प बसणे त्याच्या स्वभावात नव्हते.

"फळ्यांच्या सांध्यांत तुम्ही कापूस भरलेला नाही," तो म्हणाला.

"भरलाय की! चुकीचा भरला असेल," किटली न थांबवता ती म्हणाली. "आणि 'तुम्ही' माझ्या आत्याला म्हण, ती घरी आहे. मी टॅमसिन."

त्याने बूट काढले. दोघांनी होडी वाळूवर ओढली आणि तो सांध्यांतला भिजका कापूस उपसू लागला. एकाच भेगेत दोघांची बोटे अडकली... ती आधी त्याने काढावीत की तिने, याचा निर्णय बराच वेळ होईना.

"आजोबांची होडी," ती म्हणाली. "कुणाला तरी विचारायचं होतं. इंटरनेटवर होडीवाल्यांचा मंच आहे ना, तिथं नाव नोंदवायला गेले. आत घेतलंच नाही मेल्यांनी!"

फर्गसचा हात थांबला. नव्या माणसाला आत घ्यायचे की नाही हे ठरवणारा त्या मंचाचा द्वारपाल तोच होता.

"फोनवर आकडा येतो, पाच मिनिटांत भरायचा. माझा फोन बटणांचा, रेंज फक्त टेकडीवर, आणि कॉम्प्युटर घरात. वर पळायचं, आकडा पाठ करायचा, खाली पळायचं — तोवर वेळ संपलेली! आठवडाभर पळाले. शेवटी उत्तर आलं: 'माणूस नव्हे, यंत्र. कायमचे बंद.'" ती हसली. "आत्या अजून मला यंत्रच म्हणते."

ते शब्द लिहून झाल्यावर आपण समाधानाने कॉफी प्यायलो होतो, हेही त्याला आठवले. त्याचे कान तापले. तरीही वाद घालण्याची खोड लाजेपेक्षा जुनी होती.

"पण दार सताड उघडं ठेवलं, तर बनावट औषधं विकणारे घुसतात. मागे घुसले होते. म्हातारी माणसं फसली."

"मग दार असू दे ना! पण बाहेर कोण आहे, एवढं विचारायला जीभ झडली होती का त्या द्वारपालाची?"

तो भेगेत नवा कापूस ठासू लागला. कापूस भरून झाला. तिने त्याच किटलीतून त्याला चहा दिला. तो खारट होता आणि त्याने तो संपवला. तिने त्याच्याकडे अशा काही विश्वासाने पाहिले की यापुढे गप्प राहणे म्हणजे खोटे बोलणेच ठरले असते.

"टॅमसिन... तो द्वारपाल — मीच."

किटली वाळूत टेकली. त्याला मान वर करवेना. हीच होडी आत्ता उलटी करून तिच्याखाली दडावे, असे त्याला वाटले.

"बरं," ती म्हणाली. आवाजात हसू नव्हते. तिने खिशातून बटणांचा फोन काढून त्याच्या हातात ठेवला. "घरी चल. माझ्या नंबरावर नवं नाव नोंदव. मग पळ."

तो पळाला. समोरून वारा, गुडघाभर गवत. वॉम्बॅट नावाच्या प्राण्याच्या बिळात पाय जाऊन तो आडवा झाला. माथ्यावर आकडा आला. पुटपुटत, धडपडत तो खाली पोहोचला: 'वेळ संपली.' पुन्हा वर. पुन्हा तेच. द्वारपालाच्या चावीने तो मंचावर केव्हाही आत शिरू शकला असता. त्या चावीचे नावही त्याने काढले नाही.

अखेर तो फाटक्या विजारीनिशी दारात उभा राहिला. गुडघ्यातून रक्त येत होते.

"आकडा बंद करतो," तो धापा टाकत म्हणाला. "येणाऱ्यानं स्वतःबद्दल चार ओळी लिहाव्यात... त्या मी स्वतः वाचेन. आणि तुझी माफी तिथंच मागेन, सगळ्यांसमोर. तू — तू मला घरात नाही घेतलंस तरी."

त्याच्या तोंडचे ते पहिले 'तू' तिने ऐकले. ती उंबऱ्यात खांबाला टेकून त्याचा गुडघा, चिखल, लाल झालेले कान असे एकेक न्याहाळत राहिली.

"कोण गं ते धापा टाकतंय?" स्वयंपाकघरातून आत्याचा आवाज आला.

"माणूस आहे, आत्या," टॅमसिन म्हणाली. "येऊ दे आत."