हर्डीकरबाईंची नवकंकरी

नाशिकच्या जतनशाळेत डॉ. स्नेहल बनसोडे यांच्यासमोरच्या पडद्यावर अखेर नवकंकरीचा पट उमटला, पण तो चक्क जांभळा होता. निम्म्या सोंगट्या दिसतच नव्हत्या आणि ज्या दिसत होत्या त्या जागच्या जागी थरथरत होत्या. तरीही बनसोडे खूश झाल्या. आठवडाभर त्या खेळाने तोंडच उघडलं नव्हतं, त्यामानाने जांभळं तोंड काही वाईट नव्हतं.

२०४१ सालच्या संगणकांवर 'सकल' नावाची कार्यप्रणाली चालत असे, आणि तिला जुन्या आज्ञावलींची भाषा अजिबात कळत नसे. म्हणून जतनशाळेने नक्कलयंत्र बनवलं होतं. नक्कलयंत्र म्हणजे नव्या संगणकाच्या पोटात बसवलेला खोटा जुना संगणक. जुना खेळ विचारी, रंग कुठे आहेत? नक्कलयंत्र सांगे, हे काय, नेहमीच्या जागी. किती वाजले, आवाज कुठून काढू, या सगळ्याची उत्तरं ते असंच बेमालूम देई. खेळाला शेवटपर्यंत पत्ता लागत नसे की आपलं घर कधीच पाडलंय. लोक जन्मपत्रिका मांडायच्या जुन्या आज्ञावली आणत, बंद पडलेल्या शाळेच्या घंटेची आज्ञावली आणत, आणि ती चालू झाली की बनसोडेंच्या टेबलावर हमखास पेढे येत.

ही नवकंकरी आणली होती अच्युत मोघे यांनी. मोघे निवृत्त हवामानशास्त्रज्ञ, पंचाहत्तरीचे, ताठ आणि कमालीचे हट्टी. पत्नी विद्या जाऊन बरीच वर्षं झाली होती. आता येत्या शनिवारी ते कायमचे बंगळुरूला, मुलीकडे, चालले होते. राहतं घर विकलं होतं, भांडीकुंडी वाटून झाली होती. तेवढ्यात त्यांचा जुना संगणक कायमचा मिटला आणि त्यातच ही नवकंकरी अडकली. दुपारच्या जेवणानंतर तिचा एक डाव खेळल्याशिवाय त्यांना चाळीस वर्षांत कधी झोप लागली नव्हती. "बाकी सामान गेलं खड्ड्यात," त्यांनी बनसोडेंना बजावलं होतं, "पण हिच्याशिवाय मी गाडीत पाऊल ठेवणार नाही."

खेळ लिहिणाऱ्या बाई नाशिकमध्येच आहेत असं कळल्यावर बनसोडेंनी त्यांना फोन केला. कुमुद हर्डीकर तासाभरात हजर झाल्या. मोघ्यांच्या एके काळच्या सहकारी, त्यांच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, एकट्या राहणाऱ्या, आणि बोलायला तिखट. त्यांनी आल्या आल्या रंगांचा गोंधळ निस्तरला. पट हिरवा झाला, सोंगट्या काळ्या-पांढऱ्या झाल्या.

"आता वेगाचं काय करू, मॅडम?" बनसोडेंनी विचारलं.

"लगाम घाला. जुन्या यंत्राइतकाच वेग हवा. तसूभरही जास्त नको."

"पण हा काही उड्या मारायचा खेळ नाही. भरभर चालला तर काय बिघडेल?"

"माझी आज्ञावली प्रत्येक चालीला दहा सेकंद विचार करते, घड्याळ लावून," हर्डीकरबाई म्हणाल्या. "मी असं केलं तर तो तसं करेल, मग मी काय करेन, असा एकेक फाटा ती तपासत जाते. तेव्हाच्या यंत्राचा दहा सेकंदांत तीन चालींवर दम संपायचा. तुमच्या यंत्राला तेवढ्याच वेळात किती पुढचं दिसेल?"

बनसोडेंनी मनातल्या मनात हिशेब केला. "तीस चाली. कदाचित चाळीस. अरे बापरे, म्हणजे आज्ञावली तीच, पण अक्कल दसपट! मोघे सर रोज हरतील."

"तसं समजा," हर्डीकरबाई म्हणाल्या आणि त्यांनी पर्सची चेन जरा जोरातच ओढली. बनसोडेंना वाटलं, किती जपतायत त्या मोघ्यांचा मान. त्यांनी लगाम घातला.

गुरुवारी सकाळी मोघे खेळ तपासायला आले. हर्डीकरबाईंना पाहून त्यांचा चेहरा एकदम खुलला.

"काय, बावळट खेळाच्या मातोश्री!" ते म्हणाले.

"या, बावळटाशी चाळीस वर्षं खेळणारे," हर्डीकरबाई म्हणाल्या.

नवकंकरी बनसोडेंना ठाऊक होती. एकात एक तीन चौकोन, प्रत्येकाकडे नऊ सोंगट्या. आपल्या तीन सोंगट्या एका ओळीत आल्या की समोरच्याची एक उचलायची. ज्याच्या दोनच उरतात तो हरला. मोघ्यांनी पहिली चाल केली आणि त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"ही सोंगटी ठेचकाळतेय, डॉक्टरबाई. माझी कशी अलगद घसरत जायची."

खरं होतं ते. लगाम घातलेलं नक्कलयंत्र क्षणभर पळे आणि क्षणभर थांबे, त्यामुळे सोंगट्या लंगडत चालत. बनसोडेंना वाईट वाटलं. "लगाम काढला तर लोण्यासारखी चालेल, सर. पण खेळाला मग तीस-चाळीस चाली पुढचं दिसेल, तो हुशार होईल."

"होऊ दे की! चाळीस वर्षं वाट बघतोय मी तो हुशार व्हायची."

"मोघे, काही नको," हर्डीकरबाई घाईने म्हणाल्या. "धक्के काय, होतील सवयीचे. आहे तेच बरं आहे."

"हरायला मी घाबरतो असं वाटतं की काय तुम्हाला? काढा हो लगाम."

बनसोडेंनी लगाम काढला. हर्डीकरबाई खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या आणि बाहेरच्या पार्किंगकडे पाहू लागल्या, तिथे पाहण्यासारखं काहीही नसताना.

सोंगट्या आता खरोखरच लोण्यासारख्या चालत होत्या. मोघ्यांनी आपला ठेवणीतला सापळा लावला. खेळ त्यातून निसटला. त्यांनी दुसरा लावला, त्यातूनही निसटला. अकरा वाजले, बारा वाजले. बनसोडे अधूनमधून डोकावून जात होत्या. पटावर दोन्ही बाजूंच्या सोंगट्या जवळजवळ तेवढ्याच होत्या.

"हा जिंकतही नाही," मोघे म्हणाले. "मघाशी तीनदा त्याची ओळ पुरी होत होती. माझी सोंगटी आयती उचलता आली असती. नाही उचलली. जुनी खोड तशीच आहे, बावळटपणा मात्र गेलाय."

"कुठेतरी अडकला असेल, सर. बरोबरी जाहीर करायचा नियम नाही का यात?"

"नाही," खिडकीकडून आवाज आला. "तेव्हा कधी गरजच पडली नाही. तीन चालींनंतर आंधळं होणारं यंत्र, कुठेतरी चुकायचंच. डाव संपायचाच."

मोघे शास्त्रज्ञ होते. आता त्यांनी प्रयोग सुरू केला. ते मुद्दाम हरू लागले. आपल्या सोंगट्या त्यांनी खेळाच्या पुढ्यात वाढून ठेवल्या. खेळाने एकीलाही हात लावला नाही. वळसे घालून, माघार घेऊन तो त्यांना पुन्हा पुन्हा डावात आणून बसवत राहिला. मोघ्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"ज्याला चाळीस चाली पुढचं दिसतं, तो चुकून असं करत नाही," ते सावकाश म्हणाले. "जिंकायचं नाही आणि हरायचंही नाही. हर्डीकरबाई, प्रत्येक स्थितीला तुमची आज्ञावली गुण देते ना? ते कशाचे देते?"

बनसोडेंना एकाएकी सगळं कळलं. आपण लगाम काढला म्हणजे नेमकं काय उघड्यावर आणलं, हेही कळलं, आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तीन चालींत हेतू दिसत नाही, चुकाच दिसतात. ताकद वाढली की मूळ इच्छा लपून राहत नाही.

"डाव अजून किती चाली चालेल, त्याचे," हर्डीकरबाई शेवटी म्हणाल्या. त्या अजून पार्किंगकडेच पाहत होत्या. "आंबोलीच्या वेधशाळेत आपल्या पाळ्या उलट असायच्या, आठवतं ना? तुमची सुरू झाली की माझी संपायची. मधला अर्धा तास काय तो नवकंकरीचा. डाव संपला रे संपला की तुम्ही उठून तापमापक बघायला जायचात. म्हणून मी डाव लांबवायला शिकले. मग माझ्या गैरहजेरीत तुमच्याशी खेळायला हा लिहिला, तेव्हा मला येत होतं तेच त्याला शिकवलं. जिंकायचं कसं, ते मलाच कधी नीट आलं नाही. पुढे तुमची बदली झाली, लग्न झालं. चांगली होती विद्या. मग कशाला बोलायचं?"

"आणि मी जगभर सांगत सुटलो, की हर्डीकरबाईंना खेळ लिहिता येत नाही."

"स्वतःच्या लग्नाच्या पंगतीतही सांगितलंत. मला जिलबी वाढता वाढता."

मोघ्यांचे डोळे भरून आले आणि ते त्यांनी लपवले नाहीत. "मला कसं कळलं नाही?"

हर्डीकरबाई वळल्या. त्यांच्याही डोळ्यांत पाणी होतं, पण जीभ शाबूत होती. "त्या यंत्राला निदान तीन चाली पुढचं दिसायचं, मोघे. तुम्हाला तर समोरचंही दिसत नव्हतं."

मोघे मोठ्याने हसले, नाक पुसत हसले. मग उठून त्यांनी दुसरी खुर्ची ओढली आणि आपल्या शेजारी, पडद्यासमोर ठेवली. हर्डीकरबाई जराशा घुटमळल्या आणि येऊन बसल्या. दोघांनी मिळून पुढची चाल केली. खेळाने आपले दहा सेकंद घेतले आणि एक पांढरी सोंगटी अलगद मागे सरकवली.

तेवढ्यात मोघ्यांचा फोन वाजला. बंगळुरूहून मुलीचा, केतकीचा.

"बाबा, सामानवाले उद्या सकाळी येतायत. खेळ मिळाला का तुमचा?"

"मिळाला गं. छान चालतोय. फक्त एक डाव अर्ध्यावर आहे."

"मग संपवा की तो. शनिवारची गाडी चुकवू नका हं."

"अर्ध्यावर सोडून येणं बरं नाही, बाळा. समोरच्याला वाईट वाटतं."

"अहो बाबा, संगणकाला कसलं वाईट वाटतंय!" केतकी हसली. "बरं, संपला की लगेच या. नक्की ना?"

मोघ्यांनी हर्डीकरबाईंकडे पाहिलं. बाईंनी पडद्यावरची नजर काढली नाही, पण त्यांचे कान लाल झाले होते. बनसोडेंनी नक्कलयंत्राच्या बंद करायच्या बटणावर चिकटपट्टी लावून टाकली.

"अगदी नक्की," मोघे म्हणाले. "शब्द देतो तुला. हा डाव संपला की त्याच संध्याकाळच्या गाडीने निघतो."

मुलीशी ते आजवर कधी खोटं बोलले नव्हते, आणि आत्ताही बोलले नाहीत.